सातोबाचा रस्ता

थेंब घातल्यावर पाच मिनिटं डोळा मिटून पडायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. शिवरामआजोबा दोन मिनिटांतच विचारायचे, "झाली का गं पाच?" मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आज सहावा दिवस होता. दिवसातून सहा वेळा थेंब, म्हणजे लग्नानंतरच्या तीन वर्षांत अक्षदाने आजेसासऱ्यांच्या डोळ्यांत पाहिलं नसेल इतकं या आठवड्यात पाहून झालं होतं.

"आज रविवार ना?"

"रविवार. आणि उद्या सोमवार, शेवटची तारीख. आजोबा, हे आता चिमीलासुद्धा पाठ झालंय."

सात महिन्यांची चिमी गोधडीवर पालथी पडून आजोबांच्या चपलांच्या दिशेने सरकत होती. अक्षदाने पायानेच चपला कॉटखाली ढकलल्या.

"कागद कुठाय?"

"फ्रिजवर. तिचा हात पोचत नाही तिथे."

कागद म्हणजे तालुक्याच्या कचेरीतून आलेला छापील नमुना. वर ठळक अक्षरांत 'हरकती व सूचना', खाली चौकटी. पडघ्याच्या फाट्यावरून निघून खडवलीवरून मुरबाडच्या अंगाला जाणाऱ्या रस्त्याला इतकी वर्षं सरकारदरबारी नुसता नंबर होता. बैलगाड्यांनी भात नेलं, ट्रकांनी मुंबईच्या तबेल्यांसाठी गवताच्या गाठी नेल्या, एसटीने माणसं नेली, नंबरावर कुणाचं काही अडलं नाही. आता तो रुंद होऊन मोठा रस्ता व्हायचा होता, आणि मोठ्या रस्त्याला नाव लागतं. दोन नावं कचेरीत पोचली होती. पहिलं, 'कै. दगडू विशे मार्ग', शिवराम विशे यांच्या अर्जाने. दुसरं, 'श्री सातोबा मार्ग', समस्त ग्रामस्थांच्या अर्जाने. आणि त्या ग्रामस्थांत पहिली सही होती शिवरामांच्याच थोरल्या मुलाची, साईनाथची. पुरावा काय असेल तो सोमवारपर्यंत जोडा, असं कचेरीने कळवलं होतं.

म्हणून आज बाळकुमच्या या बाराव्या मजल्यावर सगळे जमणार होते. साईनाथ गावाहून, त्याची बहीण विनिता डोंबिवलीहून. अक्षदाने सकाळीच दोन वाट्या जास्त डाळ भिजवली होती. भांडण किती चालेल हे कुणाला माहीत, पण भूक लागणार हे नक्की.

"आजोबा, एक विचारू? तुम्हाला खरंच इतकं हवंय ते नाव?"

शिवराम डोळे मिटूनच बोलले. "माझ्या बापाचा एक फोटो नाही पोरी. राहतं घर धरणाच्या कालव्यात गेलं. मैलकुली होता तो. पाच ते आठ, असे चार मैल त्याच्या अंगावर. खड्डे बुजवायचे, चर काढायचे, झाडांना पाणी घालायचं, मैलाचे दगड रंगवायचे. एकतीस वर्षं. मैलाचा तो एकेक दगड त्याचा होता. ते दगडही सरकारने उपटले, किलोमीटरचे आले तेव्हा. आता तो माणूस होता, हे सांगायला एकटा मीच उरलोय. आणि माझं हे असं." त्यांनी हिरव्या पट्टीकडे बोट केलं.

अक्षदाला चिमीचे पहिले दिवस आठवले. चिमी झाली तेव्हा हे म्हातारा-म्हातारी गावचं घर बंद करून साडेतीन महिने इथे येऊन राहिले होते. गोदाआजी बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायची, आणि आजोबा बाल्कनीत लंगोटांची घडी घालत बसायचे, कडा जुळवून, ऑफिसच्या फायली लावाव्यात तशा. अशा माणसाने आयुष्यात मागितलेली पहिली गोष्ट.

"झाली पाच मिनिटं," ती म्हणाली. झाली नव्हती.

*

साईनाथ अकराला आला. हातात पिशवी, पिशवीत करवंदं, नऊ तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या जवळ्याची चटणी आणि पुडीत चिमीसाठी सातोबाचा अंगारा. बायको माहेरच्या लग्नाला गेलेली, म्हणून भाकऱ्या शेजारणीने दिलेल्या. त्याने वाकून बापाच्या पायाला हात लावला. शिवराम "बस" म्हणाले. त्या एका शब्दावरून आपलं काय होणार आहे ते साईनाथला कळलं.

"पप्पा, चहा?" अक्षदाच्या नवऱ्याने, सर्वेशने, किचनमधून विचारलं.

"अर्धा कप. साखर नको."

"देवळाच्या अध्यक्षांना शुगर निघाली वाटतं. पेढे कमी करा जरा."

साईनाथ हसला. हा पोरगा असा बोलतो तेव्हा त्याला नेहमी तोच विचार येई. सहा वर्षं घरात पाळणा हलला नव्हता. मग उन्हाळाभर तो रोज पहाटे अनवाणी सातोबाला पाणी घालायला गेलेला, विहिरीवरून कळशी भरून, आणि पुढच्या वर्षी हा सर्वेश. आता त्या सर्वेशची चिमी समोर गोधडीवर स्वतःच्या पायाचा अंगठा तोंडात घालत होती. ज्याने हे सगळं दिलं त्याच्या नावाला 'हरकत' कशी घ्यायची? आणि बाप म्हणतो ते तरी खोटं कसं म्हणायचं?

विनिता घामाघूम होऊन आली. "माजिवड्याला पाऊण तास! एका जागी! रिक्षावाला म्हणाला, मॅडम, उतरून चालत गेलात तर मी तुम्हाला पुढे भेटतो." पाणी प्यायच्या आधीच तिने प्लास्टिकचं फोल्डर काढून टेबलावर ठेवलं. शाळेत इतिहास शिकवते, फोल्डर ठेवायची ढबच तशी.

"बाबा, मिळालं."

"काय मिळालं?" शिवराम उठून बसले.

"तीन महिने जुन्या रेकॉर्डच्या खोलीत धूळ खाल्ली. रस्त्याच्या तपासणीची वही. एकोणसत्तर सालची. त्यात आजोबांचं नाव आहे, हे बघा, 'मैलकुली दगडू रामा'. त्यांचे चारही मैल आहेत. ऐका. मैल पाच, दगड ठीक. मैल सहा, आकडा पुसट. मैल सात, दगड उत्तम स्थितीत. मैल आठ, ठीक."

"उत्तम!" शिवरामांचा चेहरा उजळला. "ऐकलंस साईनाथ? साहेबाने स्वतः लिहिलंय. उत्तम!"

"मी कधी म्हटलं आजोबा वाईट होते?" साईनाथ म्हणाला.

"थांब दादा, पुढे आहे." विनिताचा आवाज जरा खाली आला. "सोबत नकाशा आहे. प्रत्येक दगड कुठे आहे त्याची खूण. मैल सात, 'पाड्याच्या विहिरीसमोर, करंजाखाली'."

पाड्याच्या विहिरीसमोर करंज एकच आहे. त्या करंजाखाली काय आहे, ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

"म्हणजे?" सर्वेशने विचारलं.

"म्हणजे तुझ्या पप्पांचा देव हा मैलाचा दगड आहे. कुणीतरी हुशार माणसाने शेंदूर फासला आणि झाला सातोबा. नाव बघ ना. सातवा मैल, सातोबा. मी हा कागद उद्या जोडला की विषय संपला."

साईनाथच्या हातातला कप बशीवर टेकला तो वाजलाच. "विनू, तुला कळतंय का तू काय करतेस? रस्ता रुंद होताना मधे देव आला तर वळण घेतात, नाहीतर वाजतगाजत हलवतात. मैलाचा दगड म्हटलं की जेसीबी येईल आणि एका फेरीत उचलून भरावात टाकेल."

"आणि आजोबांचं नाव? ते भरावातच आहे ना कधीपासून?"

"दर अमावास्येला तीनशे माणूस येतं तिथे! ट्रकवाले गाडी थांबवून नारळ फोडतात. त्या सगळ्यांना मी काय सांगू, माझी बहीण इतिहासाची बाई आहे म्हणून?"

"खरं सांग. नुसतं खरं."

"खरं!" साईनाथने सर्वेशकडे बोट केलं. "हा उभा आहे समोर, चहा गाळतोय. हा खोटा आहे?"

"पप्पा, मला यात नका घेऊ," सर्वेश म्हणाला. "मी खरा आहे, पण नॉट फॉर एव्हिडन्स."

कुणी हसलं नाही. शिवराम नकाशावर बोट ठेवून बसले होते. पट्टी नसलेल्या डोळ्याने त्यांना रेषा धड दिसत नव्हत्या, तरी बोट बरोबर सातव्या खुणेवर होतं. "मला कोणी सांगितलं नाही," ते म्हणाले. "मी तेव्हा ठाण्याला कंपनीत. शनिवारी रात्री यायचो, रविवारी निघायचो. मला वाटलं, दगड उपटले तेव्हा सातवाही गेला. देव कुणी भगताने मांडला असेल. म्हणजे पन्नास वर्षं लोक माझ्या बापाच्या दगडाला देव म्हणून..." त्यांनी वाक्य सोडलं. मग ताठ बसले. "अक्षदा, कागद काढ फ्रिजवरून. विनिताचा पुरावा जोडायचा. माझी हरकत आहे असं लिही."

"बाबा," साईनाथ म्हणाला.

अक्षदा आतल्या खोलीच्या दारात उभी होती, खांद्यावर चिमी. "पाचच मिनिटं आजोबा. हिला झोप आलीये. तुम्ही तोवर जेवून घ्या ना सगळे."

*

आतल्या खोलीत पलंगाच्या कडेला गोदाबाई कधीपासून बसून होत्या. मांडीवर चिमीची दुपटी, घडी घालायला घेतलेली, एकही घातलेली नाही. दार अर्धं उघडं होतं. बाहेरचा शब्द न् शब्द आत आला होता.

'कुणीतरी हुशार माणसाने.'

हुशार! गोदाबाईंना हसू यावं की रडू, कळेना. एकोणीस वर्षांची, लग्नाला आठ महिने, साईनाथ पोटात चौथ्या महिन्याचा. कसली हुशारी.

"आजी, पाणी देऊ?" अक्षदाने चिमीला पदराआड घेता घेता विचारलं. "चेहरा असा का झालाय?"

"तुझे आजोबा मना घराबाहेर काढतील?"

"तुम्हाला? तुम्ही नसाल तर त्यांना स्वतःचा चष्मा सापडत नाही."

"मंग सांगते त्यांना," म्हातारी म्हणाली, पण उठली नाही. "तू चल माझ्यासंगं."

"ही झोपली की लगेच."

दोघी थांबल्या. चिमी चुटूचुटू प्यायली, मधेच थांबून हसली, परत प्यायली. गोदाबाईंनी तिच्या टाळूवर हात ठेवला. किती वर्षं हे पोटात ठेवलं. सासऱ्याने ठेवायला सांगितलं म्हणून ठेवलं. सासरा गेला, सासू रखमाबाई गेली, आता ठेवायला सांगणारं कुणी नव्हतं. आणि बाहेर दोन लेकरं एकमेकांसमोर उभी होती, तिच्या एका दिवसाच्या कामावरून.

चिमीची मूठ सुटली. अक्षदाने तिला अलगद पलंगावर ठेवलं, दोन्ही बाजूंना उशा लावल्या.

"चला आजी."

बाहेर ताटं वाढलेली होती आणि कुणी जेवत नव्हतं. गोदाबाई टेबलाशी गेल्या नाहीत. खाली जमिनीवर, नवऱ्याच्या समोर बसल्या.

"शेंदूर मी लावला," त्या म्हणाल्या.

"आई!" विनिता.

"मधी बोलू नको, मंग मना सांगता येणार नाय. मोठा साहेब जीपमधून येणार होता तपासायला. मामंजींना ताप, अंग नुसतं भट्टी. तीन दगड त्यांनी तापातच रंगवलेले. मना म्हणाले, गोदे, विहिरीसमोरचा तेवढा सातवा रंगव. खाली चुना, वर गेरूचा पट्टा. चुना होता. गेरू बघते तर डबा रिकामा. आत्याबाईंनी तुळशीला लावून संपवलेला. आता काय करू? साहेब उजाडताच येणार. मंग देव्हाऱ्यातला शेंदूर घेतला, गोडंतेलात कालवला नि लावला पट्टा. लाल तो लाल, मना काय कळतंय. थोडा उरला, टाकायचा कसा, देवाचा तो. मंग सगळ्याच दगडाला लावला."

सर्वेशने तोंडावर हात धरला होता. साईनाथ म्हणाला, "आणि साहेब?"

"साहेबाची जीप थांबली. मी करंजाच्या आडोशाला, जीव मुठीत धरून. डायवर उतरला, त्याने चपला काढल्या. साहेब म्हणाला, हे काय? डायवर म्हणाला, साहेब, इथलं ठाणं दिसतंय, जागृत असंल. साहेबाने टोपी काढली. वहीत कायतरी लिवलं नि गेला."

"दगड उत्तम स्थितीत," विनिता हळूच म्हणाली. आणि तिला हसू फुटलं. तीन महिने जपलेला कागद हातात धरून ती हसायला लागली, डोळ्यांना पाणी येईपर्यंत.

"दुसऱ्या दिशी कुणीतरी नारळ ठेवलेला. मामंजी बरे होऊन गेले, बघितलं. मी पाय धरले त्यांचे. ते वीट घेऊन घासायला बसले, घासतायत तर कुणाची तरी बाई आली, काखेत पोर तापाने फणफणलेलं. तिनं दगडाम्होरं मूठभर तांदूळ ठेवले, पोराला लोटांगण घालायला लावलं. ती जाईपर्यंत मामंजी वीट पाठीमागं लपवून उभे. मंग तशीच वीट टाकून घरी आले."

गोदाबाईंनी शिवरामांकडे बघायचं टाळलं आणि पुढे सांगितलं.

"दोन वर्सांनी हुकूम आला, मैल उपटा. मामंजींनी आपल्या हातांनी पाचवा उपटला, सहावा उपटला. रडत नव्हते, पण जेवतबी नव्हते. सातव्याला मी भाकरी घेऊन गेलेली. गँगमधली पोरं पहारी घेऊन उभी, कुणी हात लावीना. म्हणाली, दगडूबा, हा देव हाय, आम्ही नाय उपटणार. साहेबांचा माणूस मामंजींना म्हणाला, तू सांग, काय हाय हे? तूच मैलकुली हायस."

"मग?" अक्षदाने विचारलं.

"मामंजींनी पहार खाली ठेवली. टोपी सारखी केली. नि हात जोडले."

*

शिवरामांना त्या क्षणी खोलीतलं काही दिसत नव्हतं. पट्टीचा डोळा तर बंदच होता, आणि दुसऱ्यात पाणी साचलं होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं रडायचं नाही. त्यांना करंजाखाली उभा असलेला एक काळा, खांद्यांतून वाकलेला माणूस दिसत होता, ज्याच्या आवाजात त्यांनी आयुष्यात कधी खोटं ऐकलं नव्हतं. त्या माणसाने तोंडाने खोटं सांगितलंच नव्हतं. हात जोडले होते फक्त.

"येताना वाटेत मना म्हणाले," गोदाबाई सांगत होत्या, "गोदे, आता आठवाबी जाईल, बाकीचे माझे सगळे गेले. एक तू वाचवलास. नि म्हणाले, शिवरामला सांगू नको. त्याला कायदा लई कळतो."

सर्वेशला हसू आवरेना. "आजोबा, तुम्हाला तेव्हापासूनच ओळखून होते."

"गप बस," शिवराम म्हणाले, पण ओरडून नाही. कुणीतरी जवळ्याच्या चटणीवर झाकण ठेवलं.

"तुम्ही रागावलात का?" गोदाबाईंनी विचारलं.

"तुझ्यावर?" ते म्हणाले. "बाप मला म्हणायचा, सून देवाने दिली. मी म्हणायचो, भाकऱ्या बऱ्या करते म्हणून म्हणत असेल." त्यांनी खाली वाकून हात पुढे केला. ती हात धरून उठली, त्यांच्या शेजारी कॉटवर बसली. पोरांसमोर असं बसायची तिला सवय नव्हती, पदर उगाच दोनदा नीट केला.

"आकडा असेल का गं अजून? शेंदराखाली?"

"असंल की. पाच बोटं शेंदूर चढलाय वर. आत सात असणारच. आकडा जाणार कुठं?"

"हं." शिवराम मुलीकडे वळले. "विनिता, तुझा कागद फोल्डरमध्ये ठेव."

"बाबा, मी देवाविरुद्ध नाही हो. पण मग आजोबांचं नाव परत कुठेच नाही. तुम्हीच म्हणालात ना, तुमच्यानंतर कोण सांगणार?"

"म्हणालो. अजूनही म्हणतो. पण माझ्या बापाने त्या दगडाला स्वतः हात जोडलेत. नोकरीवर असताना, साहेबाच्या माणसासमोर. आता मी त्यावर हरकत घेऊ? बापावर?"

साईनाथ पुढे झाला. "बाबा, मी गावात सांगतो. देवळाच्या कमानीवर आजोबांचं नाव टाकू. मोठ्या अक्षरात."

"कमानीवर देणगीवाल्यांची नावं असतात. माझ्या बापाने फरशी नाही दिली तुझ्या देवळाला." शिवराम म्हणाले. "आणि गावात यातलं काही बोलायचं नाही. ती बाई तांदूळ ठेवून गेली, तिचं पोर बरं झालं असेल नसेल, आपण कोण मधे बोलणारे. साईनाथ, तुझी सही सातोबाला आहे, माझीही त्यालाच. अक्षदा, बस. लिही."

अक्षदा कागद घेऊन टेबलाच्या कोपऱ्यावर बसली. भाकऱ्यांची परात विनिताने बाजूला सरकवली. एक चौकट मोठी होती, 'सुचवलेल्या नावाबाबत थोडक्यात माहिती'.

"सुचवलेलं नाव, श्री सातोबा मार्ग," शिवराम म्हणाले. "आता माहिती. लिही. सातोबा हे या रस्त्याची राखण करणारे दैवत आहे."

"राखण करणारे... दैवत... आहे."

"पावसाळ्यात रस्त्याला पडलेले खड्डे ते मुरूम घालून बुजवते. धुमसाने ठोकून घेते, म्हणजे बैलाचा पाय मुरगळत नाही."

अक्षदाचं पेन थांबलं. "आजोबा, देव खड्डे बुजवतो असं लिहू?"

"लिही. पुढे. पाणी रस्त्यावर तुंबू नये म्हणून जेठ महिन्यात दोन्ही बाजूंचे चर काढते. उन्हाळ्यात रस्त्याकडेच्या झाडांना विहिरीवरून पाणी आणून घालते. कळशी खांद्यावर घेते, डाव्या, कारण उजवा दुखतो."

"डाव्या," अक्षदा म्हणाली. तिला आता नीट दिसत नव्हतं, तिने डोळे दंडाला पुसले.

विनिताने फोल्डर उघडून वहीचा कागद आत सरकवला आणि फोल्डर पर्समध्ये टाकलं. मग हलकेच म्हणाली, "रात्री उलटलेल्या गाड्या."

"बरोबर. रात्री कोणाची गाडी उलटली तर कंदील घेऊन जाते आणि उजाडेपर्यंत गाडीवानाजवळ बसते. एकदा गवताच्या ट्रकाने पेट घेतला तेव्हा एकट्याने चौदा गाठी ओढून काढल्या."

"काढल्या की काढते?" अक्षदाने विचारलं.

"काढल्या. ते एकदाच झालं."

"कचेरीत हसतील, बाबा," विनिता म्हणाली.

"हसू दे. पण एक वाक्य खोटं काढून दाखव म्हणावं."

साईनाथ मान खाली घालून बसला होता. उन्हाळाभर कळशी घेऊन तो ज्याच्याकडे गेला होता तो कोण, हे त्याला आत्ता, पंचावन्नाव्या वर्षी, सांगितलं जात होतं. वाईट वाटायला हवं होतं कदाचित. पण त्याला नुसतं भरून येत होतं. आपण मागितलं ते घरच्याच माणसाने दिलं म्हणायचं. "बाबा," तो म्हणाला, "लिहा की नवसाला पावतो."

"ते तू सांग. तुझा अनुभव आहे."

"लिही गं अक्षदा," साईनाथ म्हणाला. "नवसाला पावतो. पुरावा म्हणून मुलगा सर्वेश, वय एकोणतीस."

"आणि नात," सर्वेश म्हणाला. "सात महिने. ती पण जोडा."

गोदाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. अक्षदाने शेवटची ओळ लिहिली आणि सगळं एकदा वाचून दाखवलं. आतून चिमीचा उठल्याचा आवाज आला, तशी विनिता म्हणाली, "तू बस, मी बघते," आणि गेली.

"आता सही," अक्षदा म्हणाली. "आणि इथे अर्जदाराचं पूर्ण नाव. मी घालू?"

"नाव मी घालतो."

"डॉक्टरांनी वाकायचं नाही सांगितलंय."

"मग कागद वर धर."

अक्षदाने चिमीच्या गोष्टीच्या पुस्तकावर कागद ठेवून तो त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. सही ते कायम शि. द. विशे अशी करत, कंपनीत पस्तीस वर्षं तशीच, पेन्शनवर तशीच. सही तशीच केली. मग नावाच्या चौकटीवर पेन टेकवलं. एका डोळ्याने अंतर समजत नव्हतं, अक्षरं मोठी यायला लागली. शिवराम. थोडं थांबले. मग दगडू, एकेक अक्षर दाबून, कागदाला मागून उठाव येईल इतकं.

चौकट छोटी होती. 'विशे'ला जागा उरली नाही. तेवढ्यावर भागलं असतं, पण त्यांचा हात सरळच चालला होता, आणि 'दगडू'मधला शेवटचा डू रेघ ओलांडून शेजारच्या चौकटीत गेला, जिथे बारीक अक्षरांत छापलं होतं, 'फक्त कार्यालयीन वापरासाठी'.

अक्षदाने ते पाहिलं. कागद तसाच वाळू दिला.